अर्ध्या बाटल्या माझ्या

किसन, तू गेल्यावर तुझ्या जलदान विधीला माझा आवाज उतरला नाही.

तुला माहीत आहे मी काय म्हणतोय ते. दर पौर्णिमेला विहारात मी पुढे बसायचो, पंचशील सांगायचो, मागून सगळी वस्ती म्हणायची. चार शीलं झाली की दारूपासून दूर राहायचं ते पाचवं यायचं आणि माझा घसा आपोआप खाली बसायचा. बाहेर पडल्यावर चपला शोधता शोधता तू मला चिमटा काढायचास. "चार शीलं फाट्यावर ऐकू जातात मास्तर, अन् पाचवं मले समोर बसून ऐकू येत नाई. काहून?" काहून ते तुला ठाऊक होतं आणि मलाही. आपण दोघं हसायचो. माझं हसू जरा लवकर संपायचं.

तुझ्या विधीला मात्र तेच पाचवं शील मी खणखणीत म्हटलं. अंगणात तुझी काळी फौजी ट्रंक उघडी पडलेली, तिच्यातल्या रिकाम्या बाटल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, तुझी बायको ओट्याच्या कडेला मान खाली घालून बसलेली, आणि तुझा लहानपणापासूनचा दोस्त छाती भरून म्हणतोय. त्याची लाज अजून अंगावरून उतरत नाही. चार माणसांत ती बोलता येईना म्हणून तुझ्याशीच बोलायला बसलो आहे. तू तसाही मधे बोलायचा नाहीस. ऐकून घ्यायचास आणि शेवटी एकच वाक्य असं टाकायचास की माणसाला पळायला वाट उरू नये.

तू फौजेतून पेन्शन घेऊन मेडशीला आलास ते दुष्काळाचं वर्ष. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन गावाची तोंडं वाकडी झाली होती. एका रविवारी, सगळं गाव बाजाराला गेलेलं असताना, तू मला तुझ्या मागच्या खोलीत बोलावलंस. ओल्या पोत्यात गुंडाळलेली एक बाटली माठाला टेकवून ठेवली होती. दोन काचेचे गिलास. ते तुझ्या बायकोनं, सुमनवैनींनी, राखेनं घासून वर तीनदा साध्या पाण्यानं धुतले होते, कारण राखेचा वास राहिला तर फेस बसतो असं तुझं म्हणणं.

मी गिलासात पाहिलं आणि उठलोच. "हे काय रे? डांबर आहे का?"

"काळी बिअर. बस."

"मी पेत नाई, तुले मालूम आहे."

"पे कोण म्हणते? चाख. पेणं येगळं, चाखणं येगळं. जिभेवर ठेव, नाकानं श्वास सोड, अन् मंग सांग काय दिसते ते."

"जिभेवर दिसते काय लेका?"

"दिसते. डोये मिट."

मी डोळे मिटले. का मिटले, ते आजही सांगता येत नाही. तू काही जबरदस्ती केली नव्हतीस. माझा बाप हातभट्टीनं गेला, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं? नाल्याकाठी पडलेल्या त्याला आपण दोघांनी मिळून घरी आणलेलं आहे, चौथीतली पोरं असताना, एकानं डोक्याकडून आणि एकानं पायाकडून. दारूचा वास आला की मला उलटी यायची. पण ह्याला तो वास नव्हता. जिभेवर आधी कडू आलं, मग धुरकट, आणि मग कुठून तरी तव्यावरची वेळ चुकलेली भाकर आली.

"करपली भाकर," मी म्हणालो.

तू मांडीवर अशी थाप मारलीस की माठावरचं झाकण हललं. "शाबास! जव भिजू घालतात, मोड आणतात, वाळवतात अन् मंग भाजतात. जेवढं जास्त भाजलं तेवढी काळी. फौजेत मेसमधी आमाले सांगू सांगू थकला एक साहेब, कोणाच्या डोक्शात शिरलं नाई. तू एका घोटात सांगतलं."

त्या कौतुकानं मी फुगलो, किसन. शाळेत पंधरा वर्षं पोरं शिकवून मला कोणी शाबास म्हटलं नव्हतं.

मग ती आपली रीतच पडली. तू वर्षातून दोनदा कामठीला जायचास, फौजी कॅन्टीनचा तुझा वाटा घेऊन यायचास. बाकीचे पेन्शनर रम आणायचे आणि वाटेतच विकायचे. तू काळ्या बाटल्या फौजी कांबळ्यात गुंडाळून मांडीवर धरून आणायचास, तान्हं पोर आणावं तशा. आणि दोन जातींच्या आणायचास. एक हिमाचलातल्या डोंगरात तुझ्या छावणीजवळच्या भट्टीतली आणि एक बंगलोरकडची. दोन्हींचा एकेक अर्धा गिलास समोरासमोर. मधे बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा, तोंड कोरं करायला. शेंगदाणे मागितले तर तू माझ्या हातावर चापट मारायचास.

डोंगरातली कोरडी. फुटाण्याच्या जळक्या टरफलाची चव, आणि मागून किराईताचा कडूपणा, घोट गेल्यावरही घशात बसून राहणारा. बंगलोरची दाट, काकवीच्या अंगाची, जरा मोहाच्या वाळल्या फुलांसारखी. मला बंगलोरची आवडायची. यावरून आपण जेवढे भांडलो तेवढे सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडत नसतील.

"तुही जीभ पोट्ट्याची आहे," तू म्हणायचास. "गोड लागलं का चांगलं. लग्नातली बुंदी आहे तुही बंगलोरवाली."

"अन् कडूच लागते तुले तं गावात कडुनिंब काय कमी हायत? फुकटात चघळ."

"कडूत थांबाले हिंमत लागते मास्तर. पहिल्या घोटाले कडू लागते, तिसऱ्याले त्याच्या मांगचं दिसते. तू तिसऱ्यापर्यंत थांबतच नाई."

मी थांबत नव्हतो हे खरं होतं. बिअरच्याच बाबतीत नाही, सगळ्याच बाबतीत. कडू लागलं की मी गोड ते हुडकतो, आणि तेच बरोबर कसं हे लोकांना पटवूनही देतो. मास्तरकीचा गुण म्हण किंवा अवगुण.

दुपार कलायच्या आत आपलं आटपलेलं असायचं. मी लवंग चघळत घरी यायचो. घरची विचारायची, "किसनभाऊकडे गेले का तुमच्या तोंडाले लवंग कायची येते?" मी म्हणायचो, दात दुखतो. माझा दात पाच वर्षं दुखतो आहे. तिनं कधी डॉक्टरकडे चला म्हटलं नाही, यावरून काय समजायचं ते मी आता समजतो.

आणि याच पाच वर्षांत मी वस्तीतल्या बायांना घेऊन नाल्याकाठच्या हातभट्ट्या फोडल्या. त्याची लाज नाही मला, तो माझ्या हातून झालेला एकच धड माणसासारखा उद्योग. तूही बरोबर होतास. मडकी फुटून ते घाण पाणी वाहायला लागलं तेव्हा तू खाली बसलास, बोट बुडवून जिभेला लावलंस आणि थुंकलास. "नवसागर टाकून राह्यले भडवे. मारून टाकतीन लोकाइले." बाया तुझ्याकडे बघत राहिल्या. एवढ्या लोकांदेखत दारू चाखणारा दारूबंदीवाला त्यांनी पाहिला नव्हता. मी लगेच चार पावलं बाजूला सरकलो, तुझ्या बोटाचा वास माझ्या सदऱ्याला लागेल की काय अशा भीतीनं. तू ते पाहिलंस आणि त्यावर कधीच काही बोलला नाहीस.

बाटल्यांचं भांडण त्यानंतरचं. रिकाम्या बाटल्या साठायला लागल्या होत्या. तुझं साधं म्हणणं होतं की भंगारवाल्याला देऊन टाकू, नाहीतर सुमनवैनी दिव्याचं घासतेल भरून ठेवतील, चांगल्या जाड काचेच्या आहेत.

"येडा झाला काय?" मी म्हणालो. "कोणी इचारलं तं?"

"तं सांगू."

"काय सांगू?"

"का दोन दोस्त महिन्या-दोन महिन्यानं एखांदी बाटली चाखतात. चोरी केली काय कोणाची?"

"तुह्यासाठी सोपं आहे. मी पुढं बसून शील सांगतो किसन. भट्ट्या मी बंद केल्या. उद्या लोक म्हणतीन, मास्तरच पेते, मंग आमीच काहून सोडाची?"

तू गिलास खाली ठेवलास. मग म्हणालास, "मंग पुढं बसणं सोड, नाई तं गिलास सोड. दोन्ही धरून कायले झुरतं?"

मी लवंग तोंडात टाकली. तू माळ्यावरून तुझी फौजी ट्रंक काढलीस, तुझं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली, आणि बाटल्या वाजू नयेत म्हणून मधे वाळल्या गवताचं तनस भरून त्या एकेक करून ठेवल्यास. झाकण लावताना म्हणालास, "हे तुह्या इज्जतीची पेटी झाली मास्तर. माह्या घरी ठेवून घेतो."

तेव्हा मी हसलो होतो. मला वाटलं, बला टळली.

तूर सोंगायला गेलेला तू धुऱ्यावर पाणी प्यायला बसलास आणि उठला नाहीस. वाशीमच्या डॉक्टरनं हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. तोपर्यंत तुझ्याविषयी गावात कोणी वेडंवाकडं बोललं नव्हतं. तुला खांदा द्यायला सगळी वस्ती आली, पाटलाच्या आळीतलेही आले. मी रडलो. ते रडणं खरं होतं, तेवढं तरी मला दे.

जलदान विधीच्या दिवशी जेवणाला मोठं पातेलं कमी पडलं. सुमनवैनींचा भाऊ माळ्यावर चढला. ट्रंक जड लागली, भांडी असतील म्हणून त्यानं आणि आणखी एकानं ती खाली आणली आणि अंगणाच्या मधोमध उघडली. तनस. तनसातून काळी बाटली. तिच्याखाली दुसरी. एक काढली की खाली दुसरी. भर अंगणात बाटली बाटलीला लागल्याचा तो किणकिण आवाज, ज्याला मी पाच वर्षं भीत होतो, तेवढा ऐकू येत राहिला.

कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हून गेला मंग."

बस, एवढंच. तुझी फौज, तुझी शेती, दुष्काळात वस्तीच्या पोरांना रोज सकाळी कवायत शिकवणारा तू, सगळं त्या वाक्यात बुडालं. आणि शिरपूरचे पाहुणे पुढच्याच रांगेत बसलेले. तुझ्या कुसुमचं साक्षगंध ज्यांच्या पोराशी होऊन चुकलं होतं ते दौलतराव. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाटल्यांकडे पाहत राहिले.

वैनींच्या भावानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, हे काय आहे? कोण बसे भाऊजीसंग?"

किसन, मी तिथेच होतो. चार हातांवर. पांढरं धोतर, पांढरा सदरा, हातात मेणबत्ती. माझं नाव मीच घ्यायला हवं होतं, तेवढीच जागा होती, तेवढाच वेळ होता. वैनींनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "कोणी नाई. एकलेच पेत."

आणि मग कोणीतरी म्हणालं, "मास्तर, सुरू करा."

मी सुरू केलं. पाचव्या शीलापाशी आलो तेव्हा माझ्या मनात एकच विचार होता. आज जर आवाज उतरला तर कोणाला तरी कळेल. म्हणून मी तो चढवला. तुझ्या बाटल्यांसमोर, तुझ्या बायकोसमोर, तुझ्या कुसुमसमोर. विधी झाल्यावर एक म्हातारा माझे हात हातात घेऊन म्हणाला, "मास्तर, आज तुमचा आवाज काळजाले भिडला." मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन अशी कोणाच्या सोयीनं दुभंगत नाही. मी जेवलो आणि घरी आलो.

जाताना दौलतरावांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमी त्याइचे जिवाचे दोस्त. तुमी सांगान ते आमी मानू. पेणारा माणूस होता काय?"

"मी येतो शिरपूरले," मी म्हणालो. "निवांत बोलू."

ते "बरं" म्हणाले. एक माणूस मेलेल्या दोस्ताबद्दल निवांत बोलू म्हणतो, याचा अर्थ काय होतो हे कळायला त्यांना शाळेत जायची गरज नव्हती. मी दारुड्या म्हटलं नाही. न म्हणता म्हटलं. तुझ्या पोरीचं लग्न माझ्या एका शब्दावर होतं आणि तो शब्द मी लवंगेसारखा गालात धरून ठेवला.

दोन दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो. वैनी अंगणात तुरीच्या शेंगा बडवत होत्या. मी विचारलं, "वैनी, तुमी खोटं काहून बोलल्या?"

हात न थांबवता त्या म्हणाल्या, "त्याइनं सांगून ठेवलं होतं. काहीबी झालं तरी मास्तरचं नाव निंघू द्याचं नाई. म्हणे, त्याच्या शब्दानं भट्ट्या बंद आहेत, तो पडला तं वस्ती पडन. म्या त्याइचा शबुद राखला." मग काठी खाली ठेवून माझ्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तुमी तुमचं पाहा."

"कुसुमचं?"

"शिरपूरचा निरोप नाई आला."

त्या आत गेल्या आणि आपले ते दोन गिलास आणि एक भरलेली बाटली घेऊन आल्या. डोंगरातली. तू पुढच्या रविवारसाठी राखून ठेवली असशील. गिलास धुतलेले होते, राखेनं आणि वर साध्या पाण्यानं. "हे तुमच्या दोघाइचं आहे, माह्या घरात नोको," म्हणाल्या. त्या रागावलेल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या थकलेल्या होत्या.

मला तुझ्यावर राग आला, किसन, हेही सांगून टाकतो. तुला कोणी सांगितलं होतं एवढं मोठं व्हायला? तू मला झाकलंस आणि तुझ्या पोरीला उघडं टाकलंस. जिवंतपणी एकदा चारचौघांत म्हणाला असतास की हा मास्तरही चाखतो, तर मी दोन महिने तुझ्याशी बोललो नसतो आणि मग बोललो असतो. घरी येईपर्यंत राग टिकला. मग लक्षात आलं की तू म्हणतच होतास, दर वेळी म्हणत होतास, तोंड मीच दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन पोती घेऊन तुझ्या घरी गेलो आणि ट्रंक रिकामी केली. तनस मुद्दाम घेतलं नाही. सायकलच्या दोन्ही बाजूंना पोती लटकवून फाट्यापर्यंत निघालो. बाजाराचा दिवस होता. प्रत्येक खड्ड्याला बाटल्या वाजत होत्या आणि प्रत्येक घराच्या दारातून एकेक तोंड बाहेर येत होतं. माझी मान खाली जात होती, मी ती वर करत होतो, ती परत जात होती.

ST आली. पोती आत चढवताना कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, काय आहे पोत्यात?"

"बाटल्या. काळ्या बिअरच्या. रिकाम्या."

तो हसला. "कोणाच्या?"

"अर्ध्या किसन हवालदाराच्या. अर्ध्या माह्या."

पुढच्या सीटवरून मागच्या सीटपर्यंत ते पोचायला वेळ लागला नाही. ज्या बायांनी माझ्याबरोबर मडकी फोडली त्यातल्या दोघी गाडीत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी, तुला आठवत असेल, जिचा पोरगा माझ्या बोलण्यावर दारू सोडून कामाला लागला, ती म्हणाली, "तुमी बी मास्तर?" तिच्या स्वरात राग नव्हता. आता मी घरी जाऊन पोराला काय सांगू, असा तो प्रश्न होता. मागून कोणीतरी बोललंच, "मंग आमाले कोणत्या तोंडानं सांगत होते?" मी दांडा धरून उभा राहिलो. बसायला जागा होती, पण बसलो नाही. वाशीमकडच्या मालेगावला गाडी बदलली तेव्हा पोती उचलू लागायला कोणी हात लावला नाही.

शिरपूरला दौलतरावांच्या ओट्यावर मी पोती ठेवली आणि जे बोलायचं ते उभ्यानंच बोललो. तू फौजेतून आल्यापासूनच्या ह्या बाटल्या. दोघांनी मिळून, रविवारच्या दुपारी, अर्धा अर्धा गिलास, दोन जातींची चव ताडून पाहायला. तुला कधी झोकांड्या खाताना कोणी पाहिलं नाही, तुझ्या घरातून कधी आवाज बाहेर आला नाही. विधीला मी बोललो नाही कारण मला माझी पडली होती. पिणारा म्हणून जर कोणाला नाव ठेवायचं तर आधी मला ठेवा आणि मग पोरीचा विचार करा.

दौलतरावांनी एक बाटली उचलली, नाकाला लावली. "चव ताडून पाहाले?" ते म्हणाले. "कायची चव?"

काय सांगणार? मी म्हणालो, "करपल्या भाकरीची."

त्यांनी बाटली परत नाकाला लावली. मग, खोटं सांगत नाही, त्यांच्या मिशा हलल्या. "पाच वर्षांत दोघाइनं येवढ्या?" आणि आत तोंड करून म्हणाले, "ऐकलं का? तुह्या भावाच्या एका लग्नात याच्यापेक्षा जास्त फुटल्या."

त्यांची बायको बाहेर आली. तिनं लग्नाचं काही विचारलं नाही, माझ्या शीलाचं काही विचारलं नाही. पोत्याशी बसली, एक बाटली बोटानं वाजवून पाहिली, उजेडात धरली. "चांगली जाड काच हाय," म्हणाली. "घासतेलाले होतीन. ठेवून घेऊ काय हो मास्तर?"

तिथे मी रडलो. तुझ्या मयतीला रडलो होतो त्याहून वाईट. ती बिचारी घाबरली, नको तर नको म्हणाली. मी म्हणालो, ठेवा, सगळ्या ठेवा, किसनची तीच इच्छा होती. दौलतरावांनी पक्कं काही सांगितलं नाही. पौर्णिमेनंतर मेडशीला येतो, वैनीशी बोलतो, एवढंच. मी रिकामी पोती घडी करून काखेत मारली आणि परत आलो.

काल पौर्णिमा झाली. विहारात मी मागच्या भिंतीला टेकून बसलो. कोणी पुढे चला म्हटलं नाही. कोणी जा असंही म्हटलं नाही. ती पोराची आई आली होती आणि तिचा पोरगाही आला होता, एवढं पाहून मला धीर आला. पण काल सकाळी नाल्याकडून धूर दिसला म्हणून कोणी म्हणत होतं, आणि तो कशाचा हे विचारायचं तोंड मला उरलेलं नाही. ते बायांना विचारावं लागेल. त्या विचारतील की नाही, ठाऊक नाही. तू म्हणालास तशी वस्ती पडते की उभी राहते, ते आता माझ्या शब्दावर नाही.

पुढची जागा बराच वेळ रिकामी राहिली. मग बायांच्या बाजूनं सुमनवैनी उठल्या, पुढे जाऊन बसल्या आणि सांगायला लागल्या. चार शीलं झाली. पाचवं त्यांनी इतरांसारखंच म्हटलं, चढवलं नाही, उतरवलं नाही. मागून सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं, आणि माझा आवाज उतरला किसन, पार खाली गेला, शेजारच्यालासुद्धा ऐकू गेला नसेल. तू असतास तर बाहेर चपलांपाशी मला गाठलं असतंस.

तुझी ती डोंगरातली बाटली माझ्या कोनाड्यात आहे, उघड्यावर, घरच्यांच्या डोळ्यांपुढे. मी ती फोडणार नाही. दुसरा गिलास भरायला माणूस नाही, मग ताडून कशाशी पाहणार? पण तू म्हणायचास ती कडूच्या मागची चव मला आता थोडी थोडी कळते आहे. बंगलोरची गोड होती, किसन. तुझी बरोबर होती.